डॉकमधला अंगठा

शकूबाईंना लिहितावाचता येतं, असंच कोथरूडच्या त्या सोसायटीत सगळे समजत. सकाळी पेपर उघडून बसायच्या आणि पेपराआडून सुनेच्या चुका काढायच्या. आपण अंगठेबहाद्दर आहोत हे त्यांनी घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं.

सून अपेक्षा आयटीतली. घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर तिने सासूसाठी भजनांचा पोर्टेबल प्रोग्रॅम आणला.

"आई, हा इन्स्टॉल होत नाही, नुसती फाइल असते. म्हणून मीच त्याला लाँचरमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमच्या यादीत, जागा दिली आणि स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर, डॉकवर, टाळांचं चित्र बसवलं."

"बसवलंस ना? मग आरती ओवाळू का तुझी?"

चित्र असलं की शकूबाईंचं भागत असे.

दुसऱ्या दिवशी टाळांशेजारी एक जांभळा अंगठा उमटलेला दिसला. त्यावर विळा लागल्यासारखा आडवा व्रण होता. शकूबाईंनी आपला तसाच व्रण असलेला अंगठा मुठीत लपवला.

"हे मी नाही ठेवलं," म्हणत अपेक्षाने तो काढून टाकला. तो लगेच परत आला. तिने लाँचर उघडला, तर टाळ नाहीत, काही नाही. प्रत्येक प्रोग्रॅमवर तोच अंगठा होता. खाली नावं मात्र वेगवेगळी होती.

"नावं आहेत ना, मग झालं. आई, तुमची भजनं कुठली ते वाचून दाबा बरं."

शकूबाईंचे कान तापले. "चष्मा नाही माझा."

"डोळ्यांवरच आहे, आई."

त्यांनी मान खाली घातली आणि मूठ पदरात खोल दडवली.

अपेक्षाची नजर तिकडे गेली. "अहो आई, पदराला ही ओली जांभळी शाई कसली लागलीय?"