बाबांचं उत्तर

"आई, बाबा म्हणतायत निबंधाची सुरुवात बोअर आहे," शाल्मली जेवायला बसता बसता म्हणाली. "म्हणे, थेट प्रेतांपासून सुरू कर. सो रूड!"

मेधाच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. मग ती हसली.

"तुझे बाबा पहिल्यापासून असेच. जेव आधी."

तिचा नवरा, संजीव, जाऊन तेव्हा काही आठवडे झाले होते. परदेशातल्या, वेरिबीच्या त्या घरात हे एकट्या मेधाला ठाऊक होतं.

मार्चच्या सुरुवातीला तो वडिलांच्या बायपाससाठी पुण्याला गेला होता. पंधरवड्यात परतायचा होता. तेवढ्यात विमानं बंद झाली, आणि तो धाकट्या भावाकडे, चारुदत्तकडे, अडकून पडला. गणपती झाले आणि त्याला ताप आला. मग ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर, आणि मग चारुदत्तचा फोन. शेवटचं दर्शनही कुणाला मिळालं नाही. महापालिकेच्या माणसांनी परस्पर सगळं उरकलं.

मेधाने तो फोन गराजमध्ये, गाडीच्या काचा लावून घेतला. रडली तीही तिथेच.

शाल्मली बारावीला होती. क्लासिकल स्टडीज, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन लोकांचा अभ्यास, हा विषय तिने हट्टाने घेतला होता. मेधाला तो मुळीच पसंत नव्हता. "मेलेल्या लोकांचा अभ्यास करून युनिव्हर्सिटीत काय मिळणार? केमिस्ट्री घे." त्या भांडणात संजीव लेकीच्या बाजूने उभा राहिला. पुलांची गणितं करणारा इंजिनिअर, पण तिच्याबरोबर तोही अथेन्स वाचायला लागला. पुण्यात अडकल्यावर तर रोज तिचा निबंध वाचून लांबलचक उत्तर पाठवायचा.

आणि आता पेपर तोंडावर आला होता. याच विषयात पोरगी कोसळली, तर संजीव दुसऱ्यांदा जाईल, असं मेधाला वाटलं.

म्हणून तिने शाल्मलीला सांगितलं, बाबा धोक्याबाहेर आहेत, काकाच्या घरी आलेत. नळीमुळे घसा खराब झालाय, बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. व्हिडिओ नको म्हणतात, फार वाळलेत. मेसेज तेवढे करतील.

मग तिने चारुदत्तला फोन केला. "भावोजी, ह्यांच्या फोनवरून तिला मेसेज करत राहा. परीक्षा होईपर्यंत. मग मी सांगते तिला."

"वहिनी, हे मला..."

"माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी."

"बघतो," एवढंच तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना फोन करायचं टाळलं.

पण मेसेज येऊ लागले. शाल्मली जेवताना ते मोठ्याने वाचून दाखवायची. तोच तिरकसपणा, तेच मधूनच 'बाईसाहेब' म्हणणं. भावाला भावाचा सूर किती नेमका सापडलाय, याचं मेधाला नवल वाटे. स्वतः स्क्रीनकडे बघायचं धाडस मात्र तिला कधी झालं नाही. वर त्याचं नाव असणार.

लॉकडाउनमुळे दारात कुणी येत नव्हतं, ते एक बरं होतं. सकाळी लेक उठायच्या आत मेधा टिकली लावी, आरशात एकदा हसून बघे, आणि बेडरूममध्ये ऑफिसचा लॅपटॉप उघडे. बाहेर टेबलावर शाल्मलीची शाळा चाले.

एकदा संध्याकाळी मेधा भांडी विसळत असताना शाल्मली मागून म्हणाली, "आई, अथेन्समध्ये प्लेग आला ना, तेव्हा लोकांना फ्युनरलसुद्धा नीट करता येईनात. दुसऱ्याच्याच चितेवर आपलं माणूस टाकून निघून जायचे. इमॅजिन."

मेधा तेच ताट पुन्हा विसळत राहिली.

"ज्यांना बायसुद्धा म्हणता आलं नाही, त्यांनी नंतर काय केलं असेल?"

"काय केलं?"

"पुस्तकात नाहीये. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, काय करणार? स्वयंपाक केला असेल. पोरांना शाळेत धाडलं असेल. आणि म्हणाले, आईला सांग, नीट जेवत जा."

मेधाने नळ मोठा सोडला. हे भावोजींनी आपल्यालाच लिहिलंय, हे तिला कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. शाल्मली तिच्या ताटाकडे बघत होती.

नोव्हेंबरमध्ये पेपर झाला. मास्क लावलेली पोरं शाळेच्या फाटकातून बाहेर पडली. शाल्मली गाडीत बसली, मास्क काढला, आणि आईला घट्ट मिठी मारून बराच वेळ तशीच राहिली.

"कसा गेला?"

"गुड. साथीवरच विचारलं होतं."

घरी आल्यावर ती चहा टाकायला आत गेली. मेधा गराजमध्येच थांबली. आता सांगायचं, आजच. पण त्याआधी एका माणसाचे आभार मानायला हवे होते.

"भावोजी, पेपर झाला तिचा. तुमचे उपकार कसे फेडू? त्या मेसेजेसवर आम्ही दोघी जगलो हो."

फोनवर चारुदत्त गोंधळला.

"वहिनी, कुठले मेसेज?"

"ह्यांच्या फोनवरून... रोजचे..."

"दादाचा फोन तर वॉर्डातच गहाळ झाला. तुम्हाला सांगायचा धीरच झाला नाही मला. वहिनी, मी तिला एकही मेसेज केलेला नाही."

मेधाच्या हातातला फोन खाली आला. गराजचं आतलं दार उघडलं. दारात शाल्मली उभी होती, एका हातात आईचा चहा, दुसऱ्या हातात स्वतःचा फोन, त्याची स्क्रीन काळीच.

"आई, बाबांचा मेसेज आलाय," ती म्हणाली. "वाचू?"