बदली

वकिलातींचे जुने गोपनीय संदेश फुटले आणि घरात करमणूक सुरू झाली. निवृत्त राजदूत आजोबांनी एका मंत्र्याला 'बिनबुडाचं गाडगं' म्हटलं होतं, ते नातीने मोबाईलवर वाचून दाखवलं.

"आता लपवा तोंड," आजी हसत म्हणाली. तिला हसताना बघून आजोबाही हसले. हल्ली त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे.

"माझी आई अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षाचं काही सापडतं का बघ गं," आजी म्हणाली. "आम्हाला परत पाठवा म्हणून हे किती विनवत होते, पण सरकार ऐकेना. आईची भेट राहिली ती राहिलीच."

नातीला त्याच वर्षीचा आजोबांचा संदेश सापडला. तिने तो मोठ्याने वाचला.



"मायदेशी झालेली बदली कृपया रद्द व्हावी. माझ्या पत्नीचीही तीच इच्छा आहे."