जावयाचा पाहुणचार

एवारिस्तोने पहिल्याच लाथेत टेबल उलटवले. वाइनची सुरई फरशीवर फुटली आणि अंगणात जेवत बसलेली माणसे ताटल्या तशाच टाकून रस्त्यावर गेली. जुलैच्या दुपारी कोर्दोबात कोणी सावली सोडत नाही. त्या दिवशी सोडली.

आंगुस्तियासबाई, म्हणजे सगळ्यांच्या ‘दोन्या’, कारंज्याजवळच्या खुर्चीतून उठल्या नाहीत. ही खाणावळ त्यांच्या सासूने थाटली होती आणि आता दोन्यांच्याच शब्दावर चालत होती. जावई येणार हे त्यांना आठवड्यापूर्वीच कळले होते.

तो आपल्या मुलीला, आल्बाला, न्यायला आला होता. नात माडीवर दार लावून बसली होती. तिची आई, दोन्यांची एकुलती एक लेक रोसियो, जिन्यावरून पडून मेली हे न्यायालयाने मान्य केले होते. प्रेताला आंघोळ घालताना दोन्यांनी लेकीच्या गळ्यावर बोटांचे वळ पाहिले होते. अंत्यविधीला हा माणूस दातांत काडी धरून उभा होता. जेवण झाले की काडी तोंडात घालायची आणि चोथा होईपर्यंत चघळायची, ही त्याची जुनी खोड.

स्वयंपाकीण पाका आडवी आली. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटले. जिरेनियमच्या कुंड्या खाली येऊन फुटल्या. दाराजवळच्या कण्हेरीवरही त्याने लाथ उगारली, पण ती नुकतीच बुंध्यापर्यंत छाटलेली होती. मोडण्यासारखे तिथे काही नव्हते.

"मुलीला खाली आणा, सासूबाई. घरात रांधायला, धुवायला कोणी नाही. आता ती काही लहान नाही."

"कायद्याने ती तुमची," दोन्या म्हणाल्या. "पण या घरातून उपाशी पोटी कोणी गेलेलं नाही. बसा, जावईबापू."

तो हसला आणि बसला, पण सुरा टेबलात रोवून.

दोन्यांनी स्वतः पांढरे कापड अंथरले. मीठ, तेल, पाव, दात कोरायच्या काड्यांचा पेला, सगळे जागच्या जागी ठेवले. मग टोमॅटोचे गार सार आले, मध घातलेली तळलेली वांगी आली, बैलाच्या शेपटीचा रस्सा आला. प्रत्येक ताटली त्याने आधी त्यांच्यापुढे सरकवली. रश्शापाशी त्या क्षणभर थांबल्या, तेव्हा त्याने मनगट पिरगळून चमचा त्यांच्या तोंडात कोंबला. ओठ फाटला. त्यांनी रक्तासकट घास गिळला. वाइन चाखली, मीठही चाखले. बराच वेळ तो सुऱ्याच्या मुठीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

त्यांना काही झाले नाही. मग तो अन्नावर तुटून पडला. खाता खाता रोसियोविषयी बोलत होता. तिला शेवटपर्यंत मिठाचा अंदाज आला नाही, म्हणून ती पडली, असे त्याने बोटे चाटत सांगितले.

"मला वाटलं होतं, म्हातारे, तुझ्यात थोडा तरी दम उरला असेल."

दोन्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला.

पोट भरल्यावर तो वेताच्या खुर्चीत पसरला. ऊन उतरल्यावर निघणार होता. तोवर मुलीचे गाठोडे बांधून ठेवा, असे त्याने फर्मावले. एक काडी दातांत होती, दुसरी कानामागे. पहिलीचा चोथा झाला, दुसरी सुरू झाली. त्याने तोंड वाकडे केले.

"काडीसुद्धा कडू तुमच्या घरची."

"रोसियो गेल्यावर या घरात गोड काय राहिलंय?"

तो हसत हसत चघळत राहिला. कारंज्याचे पाणी वाजत होते. हळूहळू त्याची मान कलली आणि काडी ओठांतून गळून पडली.

पाका रडत रडत आवरू लागली. पोरीला वाटेत खायला काही द्यावे म्हणून ती चुलीकडे निघाली, आणि जाळ धरायला पेल्यातल्या उरलेल्या काड्या तिने मुठीत घेतल्या.

दोन्यांनी तिचे मनगट धरले.

"गाठोडं सोडून टाक, पाका. आणि त्या काड्या चुलीत घालू नकोस, हात धू आधी. कण्हेरीचा धूरही बाधतो."