सहा महिन्यांचा कप

ग्वाल्हेरच्या बापूंच्या हातातली पेटी रिकामी आहे, हे यज्ञेश्वरने टावर चौकाच्या पलीकडूनच ओळखलं. भरलेली असती तर माणसाने ती अशी एका हाताने झुलवत आणली नसती. म्हणजे कप न्यायलाच आले होते. तारीखही बरोबर गाठली होती, पंधरा फेब्रुवारी.

तो भय्यासाहेबांच्या कापडदुकानात गादीवर बसला होता. मागे काचेच्या कपाटात, धोतरजोड्यांच्या वरच्या फळीवर, मध्यभारत कप उभा होता. उज्जैनच्या फ्रीगंजातलं गिऱ्हाईक आधी कपाला हात जोडायचं आणि मग कापडाचा भाव विचारायचं. भय्यासाहेब क्लबचे अध्यक्ष, आणि यज्ञेश्वर टीमचा कप्तान.

कपाची हकीकत अशी. अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झाला, तेव्हाच ही फुटबॉलची स्पर्धा निघाली. राजधानी निम्मं वर्ष ग्वाल्हेरला, निम्मं इंदूरला. कपही त्या दोघांच्यातच फिरायचा. उज्जैनची टीम तीनदा फायनलला गेली आणि तीनदा हात हलवत परत आली. शेवटी छप्पनच्या पंधरा ऑगस्टला ग्वाल्हेरच्या मैदानावर ग्वाल्हेरशीच बरोबरी झाली. जादा वेळ देऊनही ती सुटेना. मग नियमाप्रमाणे दोघंही विजेते, कप सहा-सहा महिने. नाणं उडवलं, ते यज्ञेश्वरच्या बाजूने पडलं. आनंदाच्या भरात पोरांनी कप मांडीवर घेऊनच गाडी पकडली. त्याची शिसवी पेटी राहिली ग्वाल्हेरलाच.

आणि नोव्हेंबरात मध्यभारतच उरला नाही. नवा प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, कप देणारी संस्था गुंडाळली. स्पर्धा पुन्हा होणार नव्हती. म्हणजे ज्याच्या हातात कप, त्याचाच तो कायमचा. गेल्या आठवड्यात क्लबाची बैठक झाली आणि ठरलं, द्यायचा नाही. विचारणारं कोण आहे आता? ग्वाल्हेरवाले आलेच तर कप्तानाने त्यांना समजावून सांगायचं.

यज्ञेश्वरने त्या बैठकीत विरोध केला नव्हता. खरं सांगायचं तर त्यालाही कप द्यायचा नव्हता. वय अडतीस, पोस्टातली नोकरी, उजवा गुडघा कामातून गेलेला. आता पुन्हा मैदानात उतरणं नाही, दुसरा कप मिळणं नाही. रोज कचेरीतून घरी जाताना तो इथे दोन मिनिटं टेकायचा आणि कपाकडे बघायचा. त्याची बायको सुलू म्हणायची, एवढं तर तुम्ही माझ्याकडेही बघितलं नाही. यात तिचं काही चुकत नव्हतं.

बापूंनी पायरीवर जोडे काढले, पेटी शेजारी ठेवली आणि गादीवर बसले. ग्वाल्हेरचे कप्तान, मैदानात आठ वर्षं यज्ञेश्वरच्या नडग्या फोडलेला माणूस. पोहे आले, चहा आला. भोपाळला गाडी बदलताना नवी राजधानी बघून घेतली म्हणाले, जिथे तिथे खोदून ठेवलंय नुसतं. कपाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. भय्यासाहेब गजाने कापड मोजत होते. मोजता मोजता त्यांनी यज्ञेश्वरला डोळ्याने खुणावलं, हं, बोल आता.

यज्ञेश्वरने घसा साफ केला. आठ दिवस घोकलेलं भाषण होतं. "बापू, त्या संस्थेचं काय झालं, की..."

"माहीत आहे मला," बापू म्हणाले. "सेक्रेटरी आमच्याच मोहल्ल्यात राहायचे. बदली होऊन गेले." त्यांनी पेटी पुढे सरकवली. "ही ठेवून घ्या. संस्था गेली, स्पर्धा गेली, म्हणजे कप आता इथेच राहायचा. पण उघडा ठेवाल तर धक्का लागून कधीतरी कान तुटतील त्याचे. आमच्याकडे नुसती पेटी ठेवून काय करू?"

यज्ञेश्वरने झाकण उघडलं. आत नवी कोरी लाल मखमल होती. घरच्यांनी शिवून दिली, बापू म्हणाले, जुनीला कसर लागली होती. एवढं बोलून ते बशीत चहा ओतायला लागले. यज्ञेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो उठला. भय्यासाहेब गज हातात धरून बघतच राहिले. यज्ञेश्वरने कपाट उघडलं, कप खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि मखमलीवर आडवा ठेवला. झाकण लावलं, कडी घातली आणि पेटी उचलून बापूंच्या मांडीवर ठेवली.

भय्यासाहेबांनी कापड बाजूला टाकलं. हे काय चालवलंयस म्हणाले, बैठकीत काय ठरलं होतं, उद्या लोकांना मी काय सांगू? बापूही गडबडले. कप मागायला मी आलोच नव्हतो म्हणाले, आणि पेटी परत खाली ठेवायला लागले. यज्ञेश्वरने ती तशीच हाताने दाबून धरली.

"नियमात सहा-सहा महिने लिहिलंय, बापू," तो म्हणाला. "किती वर्षं, ते कुठे लिहिलंय? पंधरा ऑगस्टला मी येतो न्यायला."