मास्तर डोंगर चढतात

"प्रवास हेच माणसाचं खरं विद्यापीठ!" असं बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर करून मास्तर काकूंना घेऊन डोंगर बघायला निघाले, आणि दोन तासांत बॅगांसकट मागच्या जिन्याने गुपचूप घरी परतले. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवलेल्या या माणसाने काढलेली तिकिटं तारखेने बरोबर होती, महिना तेवढा मागचा होता.

"आता लोकांना काय तोंड दाखवायचं?" काकू रडकुंडीला आल्या.

"तोंड कशाला? फोटो दाखवू!" मास्तर म्हणाले.

मग पडदे ओढून सहल सुरू झाली. पलंगावर गाद्या रचून, वर करडी चादर टाकून डोंगर झाला. काकू स्वेटर घालून उघड्या फ्रीजपुढे कुडकुडल्या, टेबलफॅनने मास्तरांचा मफलर उडवला. फोटो खरा वाटावा म्हणून मास्तर बूट घालून शिखरावर चढत आणि काम झालं की धाडकन खाली उडी मारत. ग्रुपवर वाहवा होऊ लागली. पाचव्या दिवशी तर काकूंना हवापालट मानवल्यासारखी सपाटून भूकही लागली.

सहाव्या दिवशी शिखराचा नवा फोटो पडताच खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, थेट काकूंना. त्यांनी तो उघडला.


"काकू, फोटो फारच सुंदर! फक्त काकांना सांगा ना, डोंगर उतरताना तेवढे बूट काढा. बाळ आत्ताच झोपलंय."