गाळणीतले हिरवे मोती

"चहाची गाळणी परत पळवलीस ना?" म्हणत सासूबाई थेट माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिरल्या. मला मान वर करायला सवड नव्हती. मुलं यायची वेळ झाली होती. चिकट जेलमध्ये कालवलेलं जिवंत शेवाळ सिरिंजनं कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं की थेंबांचे गोल मणी व्हायला हवेत. माझ्या थेंबांना शेपट्या फुटत होत्या. "सरक," म्हणाल्या. चाळीस वर्षं नर्स होत्या त्या. चहाचा कप धरताना थरथरणारा हात सिरिंजवर स्थिर झाला. टप, टप. एकेक थेंब हिरवा मोतीच! गाळणीत धुऊन ते नारिंगी द्रावणाच्या बाटलीत टाकले, बाटली खिडकीत ठेवली. शेवाळ जगलं असेल तर उजेडात कार्बन डायऑक्साइड शोषणार आणि द्रावणाचा रंग बदलणार होता. शाळा सुटताना बाटली जांभळी झाली, मुलं नाचली. सासूबाई सिरिंज निरखत म्हणाल्या, "जन्मभर टोचत आले. कुणी रडलं नाही, असं आज पहिल्यांदाच."