रिपोर्ट रद्द करावा, ही विनंती

मोठ्या रेल्वे कंपन्यांनी दर तिमाहीला सरकारकडे हिशेब पाठवायचा, असा अमेरिकेतला नियम. तो रिपोर्ट अशाच एका कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात प्रबोध तयार करायचा. त्या एका नियमावर त्याची नोकरी, ईपी म्हणजे तिथे काम करायचा परवाना, सेरंगूनचा फ्लॅट आणि मुलीची, किमयाची शाळा, सगळं उभं होतं. आता तिथलं सरकार तो नियमच काढून टाकायला निघालं होतं आणि कंपन्यांचं मत मागवत होतं.

"कंपनीतर्फे 'रद्द करा' म्हणून मसुदा तुम्हीच लिहा," त्याच्या बॉस रश्मी मॅडम म्हणाल्या. "या रिपोर्टचा जाच तुमच्याइतका कुणी सोसलाय?"

म्हणजे आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा! प्रबोधला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने मसुदा लिहिला, पण मुद्दाम बिघडवून. एक मुद्दा धड नाही, एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. हे वाचून सरकारच म्हणेल, राहू दे तो नियम!

दुसऱ्या दिवशी मॅडम तो कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी आल्या. "प्रबोध, हे खरंच तुम्ही लिहिलंत?"

"मला एवढंच जमतं, मॅडम," तो मान खाली घालून म्हणाला.

मॅडम शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "अहो, नियम तर जाणारच आहे, आपण काहीही लिहिलं तरी. तुम्हाला पॉलिसी टीममध्ये घ्या म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, प्रबोधच्या हातचं काहीतरी वाचायला पाठवा."